सोमवारचें पान

पुण्याच्या सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांतून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत एक चाल होती; तिला वार लावून जेवणें असें म्हणत. कोंकणांतून, देशावरून शिकावयास आलेला गरीब मुलगा सात घरें धरी. सोमवारीं एखाद्या वकिलाकडे, मंगळवारीं एखाद्या शाळामास्तराकडे, बुधवारीं दूरच्या नात्यांतील आत्याबाईंकडे, असा त्याचा आठवडा भरे. एखादा वार मोकळा राहिला तर त्या दिवशीं माधुकरी, नाहीं तर उपास. मानी मुलाला तें अन्न गोड लागत असेल असें कोणीं समजूं नये. कोणत्या घरीं वाढणारा हात सढळ आहे आणि कोणत्या घरीं आंखडता, हें तो पहिल्या घांसालाच ओळखी. घरच्या मुलाच्या भातावर तूप पडे आणि त्याच्या पानावरून तें भांडें जरा घाईनें पुढें जाई. शिवाय ही चाल बहुधा ब्राह्मणांच्या घरांतून ब्राह्मणांच्या मुलांपुरतीच होती. इतरांच्या मुलांसाठीं त्या पंगतींत पाट मांडला जात नसे. आणि म्हणूनच कोल्हापुरास शाहू महाराजांना १९०१ पासून निरनिराळ्या समाजांचीं वसतिगृहें उभीं करावीं लागलीं, कर्मवीर भाऊराव पाटलांना १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीस बसविणारें बोर्डिंग काढावें लागलें. त्या बोर्डिंगांतील मुलांच्या पोटासाठीं लक्ष्मीबाई पाटलांनीं आपल्या अंगावरचे दागिने मोडले, ही गोष्ट महाराष्ट्रांत सर्वांना ठाऊक आहे.

वार लावण्याच्या चालीचे गोडवे गाण्याचें येथें कारण नाहीं. परंतु तिच्यांत एक गोष्ट अशी होती कीं, जी नाहींशी झाल्याचें कोणाच्या लक्षांतही आलें नाहीं. सोमवारचा मुलगा सोमवारीं आला नाहीं, तर त्याचें मांडलेलें पान रिकामें दिसे. पंगत उठेपर्यंत यजमानीणबाईंची दृष्टि दोनदां तरी त्या पानाकडे जाई. ‘ताप तर नाहीं ना भरला त्याला? जा रे, पाहून ये’ म्हणून घरांतलें एखादें पोर पिटाळलें जाई. मुलगा आला, पण खालीं मान घालून अर्धेंच जेवून उठला, तरी तेंही दिसे. सात घरांतील सात माणसें आठवड्यांतून एकेकदां त्याच्या तोंडाकडे पाहत. मनःस्वास्थ्य हा शब्द त्या घरांत कोणीं ऐकलेला नव्हता, आणि कोणी तें राखण्याच्या हेतूनें पाहतही नव्हतें. पण पाहिलें मात्र जाई.

आज पुण्यांत, मुंबईंत, नागपुरांत, छत्रपति संभाजीनगरांत परगांवचे विद्यार्थी लाखांनीं मोजावे लागतात. वार लावण्याची लाचारी गेली, ही चांगलीच गोष्ट झाली. मुलगा वसतिगृहांत राहतो, किंवा चौघे मिळून सदनिका भाड्यानें घेतात. मेसचे पैसे मोबाइलवरून जातात. एका दिवशीं तो जेवावयास गेला नाहीं तर मेसमध्यें एक पोळी उरते, एवढेंच. खोलींतील सोबत्याची परीक्षा असते, आणि कानांत यंत्र घालून तोही भिंतीकडे तोंड करून बसलेला असतो. महाविद्यालयांत ऐंशी मुलांच्या वर्गांत एक मुलगा तीन आठवडे आला नाहीं, तर हजेरीची टक्केवारी कमी झाल्याचा एक छापील संदेश त्याला जातो. सत्राच्या शेवटीं दंड भरून ती टक्केवारी पुरीही करतां येते, असें मुलें सांगतात. घराला रोज रात्रीं फोन जातो खरा. पण फोनवर चेहऱ्याचा रंग दिसत नाहीं, आणि जेथें दिसतो तेथें मुलगा दिवा मागच्या बाजूला ठेवावयास शिकलेला असतो.

राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागानें २०२२ सालचे जे आंकडे प्रसिद्ध केले, त्यांप्रमाणें त्या वर्षीं देशांत १,७०,९२४ माणसांनीं आत्महत्या केली. त्यांत विद्यार्थी १३,०४४ होते. म्हणजे दिवसाला पस्तीसाहून अधिक. महाराष्ट्रांतील विद्यार्थी १,७६४, आणि हा आंकडा सर्व राज्यांत मोठा होता. यांत शाळेंत जाणारींही मुलें आलीं. सुशिक्षित घरांतून हा आंकडा वर्तमानपत्रांत वाचला जातो, चहाबरोबर ‘अरेरे’ म्हटलें जातें आणि पान उलटलें जातें. कारण त्या मुलांचीं घरें कोठें तरी दुसरीकडे असावींत, अशी प्रत्येकाची समजूत असते. मृत्यूचा आंकडा तरी नोंदला जातो. जीं मुलें जिवंत राहून दोन-दोन वर्षें आंतल्या आंत झिजतात, त्यांची वही कोणाजवळ नाहीं.

मनाचे विकार हे म्हातारपणचे किंवा दैवहतांचे, हा समज शास्त्राला धरून नाहीं. अमेरिकेंतील एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २००५ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत असें आढळलें कीं, ज्यांना आयुष्यांत कधीं तरी मनाचा विकार होतो त्यांपैकीं तीन चतुर्थांशांचा आरंभ वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आंत झालेला असतो. महाविद्यालयाचीं वर्षें तीं हींच. या वयांत मुलगा प्रथम घराबाहेर पडतो, झोंपेची वेळ मध्यरात्रीपलीकडे सरकते, प्रेम, पैसा, भविष्य हीं तिन्ही ओझीं एकदम खांद्यावर येतात. शरीरानें तो धडधाकट असतो, म्हणून त्याला कांहीं होत असेल अशी शंकाच कोणास येत नाहीं.

उदासीनतेचा विकार, ज्याला डॉक्टर ‘डिप्रेशन’ म्हणतात, तो नेहमीं रडक्या चेहऱ्यानें येतो असेंही नाहीं. झोंप पहाटे तीनला मोडते, किंवा उलट बारा बारा तास उठवत नाहीं. भूक जाते. ज्या क्रिकेटसाठीं मुलगा जेवण सोडी, त्या सामन्याचा निकालही तो विचारीत नाहीं. पुस्तकाचें एकच पान तो दहादां वाचतो आणि कांहीं आंत जात नाहीं. मुलग्यांत पुष्कळदां दुःखापेक्षां चिडखोरपणाच अधिक दिसतो. हीं लक्षणें दोन आठवड्यांहून अधिक काळ, बहुतेक रोज राहिलीं तर ती ‘मनःस्थिति’ नव्हे. तो आजार होय, आणि त्याला वैद्य पाहिजे. परीक्षेच्या आधीं चार दिवस झोंप न येणें वेगळें. तो ताण परीक्षेबरोबर उतरतो. हा उतरत नाहीं.

घरच्या लोकांची गफलत येथेंच होते. ‘अभ्यासांत लक्ष लागत नाहीं’ हें वाक्य मुलानें उच्चारलें कीं घराला त्यांत आळस ऐकूं येतो. बाप म्हणतो, ‘आमच्या वेळीं रस्त्यावरच्या दिव्याखालीं अभ्यास केला आम्हीं.’ आई म्हणते, ‘मनाला लावून घेऊं नकोस.’ दोघेंही मायेनेंच बोलतात. पण मोडलेल्या पायानें चालत ये असें ज्याला कोणी सांगणार नाहीं, त्यालाच मोडलेल्या मनानें अभ्यास कर असें सांगितलें जातें. आणि मानसोपचारतज्ज्ञाचें नांव काढलें तर? पुण्यांत ‘येरवडा’ आणि मुंबईकडे ‘ठाणें’ या दोन गांवांच्या नांवांनीं जी थट्टा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, ती मुलानें लहानपणापासून ऐकलेली असते. त्यामुळें सर्दीसाठीं जो मुलगा निःशंकपणें दवाखान्यांत जातो, तोच या दुखण्याला चोरासारखा लपवितो.

परीक्षा आणि प्रकृति यांचा झगडा आजचा नाहीं. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें, आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांतच पदवीधर लवकर मरतात अशी ओरड सुरू झाली. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ सालीं बत्तिसाव्या वर्षीं गेले, न्यायमूर्ति तेलंग १८९३ सालीं चव्वेचाळिसाव्या वर्षीं, आगरकर १८९५ सालीं एकोणचाळिसाव्या वर्षीं. त्या दशकांत रानडे आणि भांडारकर यांच्यासारख्या माणसांनीं या प्रश्नाचा जाहीर ऊहापोह केला. परीक्षांचा बोजा, लहान वयांतील लग्नें, व्यायामाची हेळसांड, सर्वांची झडती झाली. विद्यापीठांतील हुशार मुलगा ही समाजाची ठेव आहे आणि तिचा नाश होत असेल तर वडील मंडळींनीं जाब दिला पाहिजे, ही जाणीव त्या पिढीला होती.

आजच्या मुलाचीं ओझीं वेगळीं आहेत. मराठींतून बारावीपर्यंत शिकलेला तालुक्याचा मुलगा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्गांत बसतो, तेव्हां गणित त्याला समजत असतें, पण गणिताची भाषा समजत नसते. वर्गांत प्रश्न विचारावा तर इंग्रजी अडखळते, म्हणून तो गप्प बसतो, आणि जो गप्प बसतो तो मठ्ठ ठरतो. दलित, आदिवासी मुलांच्या वांट्याला याखेरीज टोमणे येतात, त्यांचे गुण विचारून आडनांवाचा हिशेब केला जातो. २०१९ सालीं मुंबईंत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या एका आदिवासी डॉक्टर मुलीचा जीव गेला, तेव्हां सुशिक्षित महाराष्ट्राला कांहीं दिवस झोंप लागली नाहीं. पण कांहीं दिवसच. विद्यापीठांचा कारभार ही आणखी एक भर. २०१७ सालीं मुंबई विद्यापीठानें उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याचा घाट घातला आणि निकाल महिनोन्‌महिने रखडले. पुढच्या प्रवेशाच्या तारखा टळत असतां मुलें रोज सकाळीं पडद्यावर तेंच कोरें पान पाहत होतीं. ज्यांनीं निकाल वेळेवर लावावयाचे त्यांचा उशीर क्षम्य, आणि विद्यार्थ्याचा एक दिवसाचा उशीर मात्र विलंबशुल्कास पात्र, हा न्याय मोठा मजेदार आहे.

पण या सर्वांत जीवघेणें काय असेल तर तें लपविणें. आपल्या विद्यापीठांतून ‘एटीकेटी’ नांवाची सवलत आहे. ठराविक विषय राहिले तरी पुढच्या वर्गांत बसूं देतात. त्याहून अधिक राहिले कीं मुलाचें वर्ष जातें. मुलांच्या भाषेंत त्याला ‘इयर डाऊन’ लागतें. बरोबरचीं मुलें पुढच्या वर्गांत जातात, हा खोलींत राहतो. त्या वर्षाचें खोलीभाडें, मेस, शुल्क, सर्व घरून येतच असतें. कारण घरास हें ठाऊक नसतें. मुलगा खोटारडा असतो म्हणून नव्हे. घरानें काय विकून, कोणापुढें हात पसरून आपल्याला पाठविलें, हें त्याला पैशापैशानें ठाऊक असतें, म्हणून. ज्याचें घर त्याच्यासाठीं अधिक झिजलें, त्याचें तोंड अधिक घट्ट मिटतें. रोज एक खोटें बोलावें लागतें, तें काल बोललेल्याशीं जुळवावें लागतें. आणि महिन्या-दोन महिन्यांनीं मुलाला असें वाटूं लागतें कीं, आपण नाहींसे झालों तरच हा हिशेब मिटेल. हा विचार त्या विकाराचाच एक भाग असतो, जसा तापांत वात व्हावा तसा. विकार उतरला कीं विचारही उतरतो. परंतु त्या रात्रीं त्याला हें सांगणारें कोणी जवळ पाहिजे.

सरकारनें कांहींच केलें नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें, जो २०१८ च्या मे महिन्यांत अंमलांत आला, आत्महत्येचा प्रयत्न करणारा हा गुन्हेगार नसून तीव्र ताणाखालीं असलेला माणूस आहे असें गृहीत धरावयास सांगितलें. १० ऑक्टोबर २०२२ रोजीं ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनीची सेवा सुरू झाली; १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्रीं केव्हांही, मराठींतून, विनामूल्य बोलतां येतें. सर्वोच्च न्यायालयानें २०२५ च्या मार्चमध्यें विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या चौकशीसाठीं कार्यदल नेमलें, आणि जुलैमध्यें असा आदेश दिला कीं, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेनें निदान एक पात्र समुपदेशक ठेवावा. आदेश उत्तम आहे. पण समुपदेशकाच्या खोलीची पायरी चढण्याइतकें बळ ज्याच्या अंगीं उरलें आहे त्याचें बरेंच निभावतें. जो अंथरुणावरून उठत नाहीं, त्याच्याकडे कोण जाणार?

‘कासव’ या मराठी चित्रपटाला २०१६ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. त्यांत असाच एक उद्ध्वस्त तरुण आहे. त्याला घरांत घेणारी बाई त्याचें नांवगांव विचारीत नाहीं, उपदेश करीत नाहीं. राहावयास जागा देते, वेळ देते. ज्यांनीं तो पाहिला नसेल त्यांनीं अवश्य पाहावा. मात्र प्रत्यक्षांत एक प्रश्न विचारावा लागतो, आणि तो विचारण्यास सुशिक्षित माणसें फार भितात. जीव नकोसा झाला आहे का, असें विचारल्यानें मुलाच्या डोक्यांत नसलेला विचार शिरेल, अशी ती भीति. तसें होत नाहीं, हें या विषयाच्या अभ्यासकांनीं पुनःपुन्हां पडताळून पाहिलें आहे. उलट, कोणीं तरी नांव घेऊन विचारलें म्हणजे मुलाची छाती हलकी होते.

पुण्याच्या एका पेठेंत एक बाई गेलीं अनेक वर्षें मेस चालवितात. मुलें त्यांना काकू म्हणतात. त्यांच्याकडे खाड्यांची वही आहे. कोणी गांवीं जाणार असेल तर त्यानें आदल्या दिवशीं खाडा सांगावा, महिनाअखेर तेवढे पैसे वजा होतात. न सांगतां न आल्यास होत नाहींत. बार्शी तालुक्यांतील एका गांवचा, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा त्यांच्याकडे जेवावयास असे. एका महिन्याच्या अखेरीस वही चाळतांना त्यांना दिसलें कीं, याचे सोळा खाडे पडले आहेत आणि एकही सांगितलेला नाहीं. दुसरी कोणी असती तर सोळा दिवसांचे पैसे फुकट सुटले म्हणून गप्प बसती. काकू म्हणाल्या, ‘गरिबाघरचा मुलगा खाड्याचे पैसे सोडत नाहीं. कांहीं तरी बिनसलंय.’ त्यांनीं डबा भरला आणि तीन जिने चढून त्या स्वतः खोलीवर गेल्या.

दार उघडण्यास वेळ लागला. खोलीची खिडकी कित्येक दिवस उघडलेली दिसत नव्हती. काकू आंत येतात न येतात तोंच त्याच्या आईचा फोन वाजला.

‘जेवलास का रे?’

‘हो.’

‘काय होतं आज?’

‘वांग्याची भाजी,’ मुलगा म्हणाला. डब्यांत गवार होती, आणि डबा अजून उघडावयाचा होता.

फोन ठेवल्यावर काकूंनीं त्या खोट्याबद्दल एक अक्षर काढलें नाहीं. त्यांनीं खिडकी उघडली, त्याच्यापुढें दोन घांस ठेवले आणि बऱ्याच वेळानें सरळ विचारलें, ‘बाळा, जीव नकोसा होतो का रे? तसले विचार येतात का?’ मुलगा भिंतीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, ‘येतात, काकू.’ त्याचें वर्ष गेलें होतें. तीन महिने तो घरीं रोज कॉलेजच्या गोष्टी रचून सांगत होता.

काकू सातवीपर्यंत शिकलेल्या. त्यांनीं वाद घातला नाहीं, देवाधर्माचें कांहीं सांगितलें नाहीं. खोलीसोबत्याला हांक मारून ‘आज रात्रीं याला एकटं सोडायचं नाहीं’ असें बजावलें. त्या सोबत्यानेंच १४४१६ लावला. पलीकडच्या माणसानें मुलाशीं बराच वेळ मराठींत बोलून दुसऱ्या दिवशीं सरकारी रुग्णालयांत जाण्यास सांगितलें. थेट बापाला कळविण्यास मुलगा तयार होईना, तेव्हां काकूंनीं त्याच्या थोरल्या बहिणीला फोन केला, आणि बहिणीनें घरीं.

बाप पहाटेच्या एसटीनें स्वारगेटला उतरला. पिशवींत शेंगदाण्याची चटणी होती. रुग्णालयांत त्यानें डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला, ‘साहेब, हें वेड म्हणायचं का?’ डॉक्टर म्हणाले, ‘नाहीं. आजार आहे. गोळ्यांचा गुण यायला तीन-चार आठवडे लागतील. बरं वाटलं म्हणून मध्येंच बंद करूं नका, आणि त्याला दर आठवड्याला इथं बोलायला आणा.’ बाहेर बांकावर बापलेक पुष्कळ वेळ बसले. बाप म्हणाला, ‘तीन महिने बोलला नाहींस?’ मुलगा म्हणाला, ‘तुम्हांला काय वाटेल म्हणून, अण्णा.’ बापानें टोपी काढून मांडीवर ठेवली. ‘द्राक्षाची बाग गेली त्या वर्षीं बँकेची नोटीस मी तरी कुठं घरांत दाखविली होती,’ तो म्हणाला. ‘तुझ्या आईला दोन महिन्यांनीं कळलं.’

मुलगा महिनाभर गांवीं राहिला, औषधें घेतलीं, परत आला. राहिलेल्या विषयांपैकीं तीन सुटले, दोन अजून आहेत. दरम्यान बाप मेसचे पैसे चुकते करावयास आला, तेव्हां काकूंनीं सोळा खाडे वजा करून हिशेब पुढें केला. ‘ताई, आम्हीं कळविलं नव्हतं,’ तो म्हणाला. ‘मला उशिरा कळलं, दादा,’ काकू म्हणाल्या आणि त्यांनीं आंकडा बदलला नाहीं.

त्यांच्या वहींत आतां एक नवी रेघ ओढलेली असते. न सांगतां लागोपाठ दोन खाडे पडले कीं, त्या नांवापुढें फुली पडते आणि कोणी तरी डबा घेऊन त्या खोलीवर जातें. बहुतेक वेळां मुलगा मित्राकडे गेलेला निघतो, आणि डबा तसाच परत येतो.